लाटण्याला बांधलेली किल्ली

मला नियम आवडतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईने स्वभाव लपवला. औषधांच्या कंपनीत कागदपत्रं तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. गोळ्या कुठल्या तापमानाला ठेवायच्या इथपासून हातमोजे कसे काढायचे इथपर्यंत आमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं कुणी पाळलं नाही की माझं डोकं फिरतं. "घरात मीठ संपलं तरी ही आधी फॉर्म भरून घेईल," असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. सांगू दे.

इथे अमेरिकेत, पार्सिपनीजवळ आमची रविवारची मराठी शाळा भरते, तिथेही संचालिका म्हणून मी पंधरा वर्षं हेच केलं. इमारत गावातल्या हायस्कूलची, भाड्याने घेतलेली, दहा ते एक. वर्गात शिरण्याआधी बाकांचे फोटो काढायचे आणि निघताना फोटो बघून बाकं होती तशी लावायची, हा माझा नियम. फळ्यावरचं अक्षरही पुसायचं नाही, हा माझा नियम. खाऊला चिवडा आणायचा तर शेंगदाण्याशिवाय, कारण मुलांना ॲलर्जी असते. "शेंगदाण्याशिवाय चिवडा म्हणजे डोंबलाचा चिवडा!" असं एक बाबा माझ्या तोंडावर म्हणाले होते, पण पुढच्या रविवारी मुकाट्याने तसाच घेऊन आले. शाळा माझ्यामुळे चालते असं लोक म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं.

ज्याच्याबद्दल लिहायचंय ते मूल साडेचार वर्षांचं असल्यापासून आमच्या शाळेत येत होतं. नाव मुलीचं होतं, केसांना दोन लाल रबरं, आणि तोंड सतत चालू. आमच्याकडची बाकीची मुलं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतात; कितीही ओरडा, तीच गत. हे मूल मात्र माझ्याशी मराठीत भांडायचं. "काकू, तुम्ही काल वेगळं सांगितलं होतं," असं कमरेवर हात ठेवून म्हणायचं. मला ते फार आवडायचं, आणि माझं ते आवडतं मूल आहे हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ते मूल आईबरोबर माझ्या टेबलाशी येऊन उभं राहिलं. केस बारीक कापलेले. आई हातातल्या पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. ती इथे एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, स्वभावाने इतकी गरीब की चहात साखर नाही हेही कुणाला सांगणार नाही. तीच काहीतरी बोलायला लागली, तर त्याने तिच्या हातावर हात ठेवला आणि स्वतःच सांगितलं, "काकू, मी मुलगा आहे. म्हणजे होतोच. आता सगळ्यांना सांगतोय." नवीन नाव सांगितलं. मग म्हणाला, "हे माझं शेवटचं वर्ष. परीक्षा पास झालो की मला बालवर्ग द्याल?"

आमच्याकडे अशी पद्धत आहे की शेवटच्या पातळीची परीक्षा पास झालेली मुलं पुढच्या वर्षी बालवर्गात शिकवायला मदत करतात. चिल्लीपिल्ली त्यांना ताई नाहीतर दादा म्हणतात आणि तीन तास त्यांच्या अंगाखांद्यावर लोंबकळतात. मी म्हटलं, "देईन की! तुला नाही देणार तर कुणाला?" तो इतका हसला. "दादा म्हणतील ना मला?" असं त्याने विचारलं. "न म्हणून करतील काय," मी म्हटलं. आई रडायला लागली, मी तिला टिश्यू दिला. घरी जाताना गाडीत मी स्वतःवर भलती खूश होते. आपण केवढ्या सुधारलेल्या, केवढ्या मोठ्या मनाच्या!

हा मोठेपणा जेमतेम पाच आठवडे टिकला.

ऑक्टोबरमध्ये तिसरीतल्या एका मुलाच्या वडिलांनी आमच्या या पोराला मुलांच्या स्वच्छतागृहातून बाहेर येताना पाहिलं. बस्स, एवढंच झालं होतं. तो हात पुसत बाहेर आला आणि वर्गात गेला. पण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या संध्याकाळी आग लागली. आपण मुलांना इथे संस्कार शिकवायला आणतो का हे बघायला, कुणाची जबाबदारी, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार. कुणी नुसतेच हात जोडलेले पाठवले. कुणाला जोडले होते देव जाणे. तीन कुटुंबांनी नाव काढून घेण्याची धमकी दिली. त्याची आई त्या ग्रुपवर होती. ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही बोलले नाही.

पुढच्या रविवारी मी त्याला बाजूला घेतलं. थोडे दिवस जरा सांभाळून घे, असं काहीतरी गुळमुळीत बोलले. तो गोंधळला. "पण काकू, ही माझीच शाळा आहे. सोमवार ते शुक्रवार मी इथेच येतो. याच बाथरूममध्ये जातो. कुणी काही म्हणत नाही." खरंच होतं. हायस्कूलचं धोरण सरळ होतं: मूल स्वतःला जे मानतं, त्याप्रमाणे ते जाईल. पाच दिवस त्याला जे न मागता मिळत होतं, ते रविवारी, त्याच भिंतींच्या आत, आम्ही काढून घ्यायला निघालो होतो. आम्ही म्हणजे त्याची आपली माणसं.

समितीची बैठक झूमवर झाली. आम्ही पाचजण. चौघांना एकच हवं होतं: वाद नको. या दोन शब्दांपायी आपण काय काय करतो, त्याची यादी करायला मी आता धजत नाही. पाचवे होते आमचे निवृत्त डॉक्टर काका, इथे येऊन पंचेचाळीस वर्षं झालेले. त्यांनी फक्त विचारलं, "त्या मुलाला कुणी विचारलंत का?" मी म्हटलं, "काका, लहान आहे तो. आपण मोठ्यांनीच ठरवायचं." सोळा वर्षांचा होता. गाडी चालवायला शिकत होता.

आणि मग मी तोडगा काढला. माझाच तोडगा, माझ्याच अकलेचा. ऑफिसशेजारी शिक्षकांचं एक छोटं स्वच्छतागृह होतं, कुलूपबंद, त्याची किल्ली भाडेकरार करताना मला मिळालेली. त्याने ते वापरायचं. मी मजकूर लिहिला: 'सर्वांच्या सोयीसाठी, स्वतंत्र व्यवस्थेची गरज असलेल्या विद्यार्थ्यांनी किल्ली संचालिकेकडून घ्यावी व वहीत नोंद करावी.' सगळ्यांनी वाहवा केली. कुणाचं नाव नाही, कुणाला टोचणार नाही, काय छान लिहिलंत! मी पण ते दोनदा वाचून खूश झाले. मेलं, त्या वहीत वर्षभर एकाच मुलाचं नाव पडणार होतं, हे मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

किल्ली लहान होती. हरवेल म्हणून मी ती घरातल्या एका जुन्या लाटण्याला सुतळीने बांधली. इथल्या पेट्रोल पंपांवर असं करतात, किल्लीला काहीतरी मोठं अडकवून ठेवतात, म्हणजे कुणी खिशात घालून नेत नाही. मला वाटलं, काय आयडिया आहे! पहिल्या रविवारी तो किल्ली मागायला आला तेव्हा दारात चारपाच मुलं उभी होती. मी लाटणं पुढे करून म्हटलं, "जपून हं, पोळ्या लाटत बसशील तिकडे." सगळी खदाखदा हसली. तोही हसला. लाटणं जॅकेटच्या आत घातलं आणि गेला. लांबलचक कॉरिडॉर, दोन्हीकडे उघडी वर्गांची दारं, आणि हा छातीशी लाटणं धरून चाललाय. तो कुठे चाललाय ते पहिलीतल्या पोरांनाही कळत होतं.

मी तो विनोद आणखी दोनदा केला. लिहिताना माझ्या कानशिलांना गरम लागतंय, पण केला.

थंडी सुरू झाल्यावर त्याने किल्ली मागणं बंद केलं. वहीत पानंच्या पानं कोरी. मी समितीला कळवलं, व्यवस्था सुरळीत, तक्रार नाही. मधल्या सुट्टीत मुलं ज्यूसच्या बाटल्यांवर तुटून पडायची तेव्हा हा भिंतीला टेकून उभा असायचा. "अरे, घे की," मी म्हणायची. "नको काकू, तहान नाही." सकाळपासून एक घोटही न घेता हा पोरगा माझ्यासमोर शुद्धलेखन लिहीत बसायचा, आणि मी त्याच्या अक्षराचं कौतुक करत होते.

मे महिन्यात परीक्षा आली. तीन तासांची लेखी, आणि त्यावर हायस्कूलमध्ये भाषेचे क्रेडिट मिळतात, म्हणून मी फार कडक. फोन खोक्यात जमा, खाली मान, बोलणं बंद. देखरेखीला मीच. बाकीचे पालक खाली कॅफेटेरियात चहा पीत बसलेले, बालवर्गाला त्या दिवशी सुट्टी.

साडेअकराच्या सुमाराला तो उठून माझ्याजवळ आला. मी वर्गाबाहेर दारात खुर्ची टाकून बसले होते. "काकू, किल्ली." मी पिशवी चाचपली, लाटणं नव्हतं. सुतळी विरली होती म्हणून नवीन बांधायला लाटणं घरी नेलं होतं, ते ओट्यावर तसंच पडलेलं. जाऊन यायला पन्नास मिनिटं.

त्याला सांगितलं. तो कॉरिडॉरच्या टोकाकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "मग मी तिथे जाऊ? आत कोणी नाहीये. दोन मिनिटांत येतो."

मुलांचं स्वच्छतागृह आमच्यापासून वीस पावलांवर होतं. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. तक्रार करणारा तो बाप दोन मजले खाली समोसा खात होता. मी हो म्हटलं असतं तर जगात कुणालाही कळलं नसतं.

मी म्हटलं, "नाही बाळा. नियम आहे."

बाळा! त्याचं नवीन नाव घ्यायचं मी आठ महिने टाळलं होतं, जुनं घ्यायची हिंमत नव्हती, म्हणून बाळा. "एक-दीड तास तर राहिलाय," मी म्हटलं, "कळ काढ थोडी." त्याने माझ्याकडे बघितलं. कमरेवर हात ठेवून भांडेल असं मला वाटलं. भांडला नाही. "बरं," म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

वीसेक मिनिटांनी तो पुन्हा उठला आणि या वेळी काही न विचारता माझ्यासमोरून जिन्याने खाली गेला. रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर. मी अडवलं नाही, वाटलं, सुटले. पण रविवारी त्या इमारतीची दारं बाहेरून उघडत नाहीत, आणि त्याचा फोन माझ्या खोक्यात होता. तो एका दारावरून दुसऱ्या दारावर ठोठावत इमारतीला वळसा घालत राहिला; कॅफेटेरियातल्या गप्पांत कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी झाडलोट करणाऱ्या माणसाने बघितलं आणि आत घेतलं. तो वर्गात आला तेव्हा एक वाजायला आठ मिनिटं होती. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. तो बसला, पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. एक वाजता मी सगळ्यांबरोबर त्याचाही पेपर घेतला. निबंध अर्धा, शेवटचे दोन प्रश्न कोरे. नियमाप्रमाणे जादा वेळ देता येत नव्हता, तो मी दिला नाही.

रात्री त्याच्या आईचा फोन आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बिचारी चाचरत म्हणाली, "ताई, किल्ली नव्हती एवढंच म्हणाला, पुढे काही सांगत नाही, नुसता खोलीत बसलाय. त्याला मुलांच्या बाथरूममध्ये जाऊ दिलं असतं तर... म्हणजे, आत कोणी होतं का?"

आणि मी खोटं बोलले. अडखळले नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. "अगं हो ना, लहान मुलं होती आत. तिसरीतली दोन. नाहीतर मी कशाला अडवीन त्याला? मला काय तो परका आहे?"

"हो हो, तुमचंही बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार? थँक यू ताई, तुम्ही त्याच्यासाठी एवढं करता." तिने माझे आभार मानले. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला वाढलं.

पुन्हा परीक्षा घेऊ, असं मी सप्टेंबरमध्ये कळवलं. त्याने नाव नोंदवलं नाही. बालवर्गाला दुसरी एक मुलगी मिळाली, गोड आहे, पोरं तिला ताई ताई करतात. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी अहवाल वाचला आणि त्यात 'स्वच्छतागृहांची व्यवस्था सुरळीत' हे वाक्य आलं. डॉक्टर काका मागून म्हणाले, "सुरळीत म्हणजे? ते पोर यायचं बंद झालं म्हणून?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काका, पंधरा वर्षं मी इथे फुकट राबतेय," असं काहीबाही मी भर सभेत बोलले. लोकांनी माझी बाजू घेतली. टाळ्यासुद्धा वाजवल्या दोघातिघांनी. त्या टाळ्या ऐकताना मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

तेव्हा कुठे मी स्वतःशी कबूल केलं. त्या बापाची भीती मला नव्हती. तो तिथे नव्हताच. माझा नियम माझ्याच डोळ्यांदेखत मोडलेला मला चालत नव्हता, हे एक. आणि दुसरं, जे अजूनही कुणाला सांगितलेलं नाही: टिश्यू दिला, शाबासकी दिली, बालवर्ग द्यायचं कबूल केलं, पण मनातून मी त्याला मुलगा मानलंच नव्हतं. मानलं असतं तर "जा" म्हणायला किती वेळ लागतो?

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. आधी फोन केला नाही, केला असता तर आईने चार पदार्थ करून ठेवले असते. दार त्यानेच उघडलं. उंच झाला होता, आवाज फुटल्यासारखा झाला होता. "आई भाजी आणायला गेलीय. या ना काकू, बसा." पाणी आणून दिलं. मी ते हातात धरून बसले. पाठ करून आलेली सगळी वाक्यं सोडून दिली.

"मी तुझ्या आईशी खोटं बोलले," मी म्हटलं. "परीक्षेच्या दिवशी. आत मुलं आहेत म्हणून सांगितलं. आत कोणीच नव्हतं."

"माहितेय," तो म्हणाला.

"तुला कसं..."

"तिथले दिवे बंद होते, काकू. कोणी आत गेलं तरच लागतात ते. मी रोज जातो ना तिथे." तो अगदी साधेपणाने सांगत होता, एखाद्या नवख्याला शाळा दाखवावी तसा. "आई म्हणाली, काकूंनी सांगितलं आत लहान मुलं होती. मी म्हटलं, हो, होती."

"हो म्हणालास? का रे?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. आई आली असावी.

"सगळे ग्रुपवर तसं लिहीत होते तेव्हा आई म्हणायची, असू दे, काकू आहेत ना आपल्या बाजूने," तो म्हणाला. "तिला तेवढाच आधार होता."

मी त्याला त्याच्या नावाने हाक मारली. पहिल्यांदाच. तो उठला आणि आईच्या हातातल्या पिशव्या घ्यायला दाराकडे गेला.